मागं पडणारं घड्याळ

भावनाला नऊ मिनिटांचा फटका सोमवारी बसला. तेव्हाच तिनं ठरवून टाकलं की रविवारी सासूबाईंच्या पुण्यानुमोदनाला सगळे जमले की विषय काढायचा. भिंतीवरच्या घड्याळात पाहून ती अंगणवाडीत पोचली, मोबाइलवर हजेरी टाकली आणि तिच्या नावापुढे उशीर लागला. एकवीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. आणि तो कुणाच्या घड्याळापायी, तर सासरे परसराम गजभियेंच्या. एके काळी अख्खं अड्याळ गाव या माणसाला विचारून आपापली घड्याळं लावत होतं.

रविवारी दुपारी भंतेजी जेवून गेले, गावातली माणसं पांगली, अंगणात मांडव आणि खरकटी पातेली उरली. सासूबाई बायजाबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. परसराम आपल्या खोलीत आडवे झाले होते. भावनाचा नवरा संघपाल मांडवाच्या खांबाला टेकून पाय पसरून बसला होता. यंदा मजूर मिळाले नाहीत म्हणून धानाचा रोवणा आठवडाभर लांबला, आणि तेव्हापासून त्याची कंबर सरळ होत नव्हती. त्याचा थोरला भाऊ जीवन खुर्चीत बसून चष्मा पुसत होता. तीन महिन्यांपूर्वी आकाशवाणीच्या प्रक्षेपण केंद्रातून तो निवृत्त झाला, आणि त्या दिवसापासून तो जिथं बसेल तिथं चष्मा पुसत असतो, हे भावनाच्या लक्षात आलं होतं.

"भाऊजी, आज साफ सांगून टाकते," भावना पातेलं खाली ठेवत म्हणाली. "मामाजींचं डोकं आता पयल्यासारखं नाई राहिलं. नागपूरले नेऊन डाक्टरले दाखवा."

"का? काय झालं?" जीवननं विचारलं.

"घड्याळ नऊ मिनिटं मागं हाये. रोज उभे राहून चावी देतात, पण काटा नाई हलवत. तुमच्या बा नं घड्याळ लावलं नाई असा एक दिवस तुमाले आठवते का?"

जीवनला आठवत नव्हता. कुणालाच आठवला नसता.

"अन् पहाटे उठून खरखर ऐकत बसतात," भावना पुढं म्हणाली. "सासूबाईंचा तो लहान ट्रान्झिस्टर हाये ना, तो कानाले लावून. त्याच्यावर काईच लागत नाई. अर्धा घंटा नुसती खरखर. मी दारातूनच माघारी फिरली."

मांडवाच्या दुसऱ्या टोकाला जीवनची मुलगी रश्मी पत्रावळी गोळा करत होती. ती वाकलेलीच थांबली. "तो ट्रान्झिस्टर चालू आहे? काकू, मला वाटलं तो केव्हाच बिघडला."

"सेल तं मीच आणून देतो," संघपाल म्हणाला. "मले वाटलं टॉर्चले पाहिजे."

"याईले सगळंच टॉर्चले वाटते," भावना म्हणाली आणि पुन्हा जीवनकडे वळली. आता खरं दुखणं बाहेर येणार हे तिचं तिलाच समजत होतं. "सकाळी अंगणवाडीचं ॲप, संध्याकाळी मामाजींचं ॲप. तुमी बाप-लेक लावून देऊन नागपूरले गेले. रोज सहा वाजून पंचावन्न मिनिटं झाली की हातातलं पीठ सोडून मोबाइल चालू करा लागते, अन् मामाजी बटन फिरवतात ते मलेच पाहवत नाई. तीन महिने झाले. मी थकली, भाऊजी."

झालं होतं ते असं. मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी जीवन निवृत्त झाला, आणि त्याच दिवशी त्याच्या केंद्राचं मध्यम लहरींचं प्रक्षेपणही कायमचं थांबलं. अशी केंद्रं देशभर एकामागून एक बंद होत होती, त्यात हेही एक. परसरामांना यातलं पहिलंच सांगितलं होतं, दुसरं नाही. तुझ्या जागी दुसरा पोरगा आला का, असं म्हाताऱ्यानं विचारलं तेव्हा जीवन आला म्हणाला. आठवडाभर आधी रश्मीनं दुरुस्तीच्या नावाखाली फळीवरचा मोठा रेडिओ नागपूरला नेला, त्यातलं सगळं काढून मोबाइलवरच्या आकाशवाणीच्या ॲपचा आवाज देणारा स्पीकर बसवला आणि बरोबर त्या संध्याकाळी जागच्या जागी आणून ठेवला. म्हाताऱ्याला धक्का बसू नये, एवढाच हेतू. हेतूत खोट नव्हती, पण ते रोज निभावायचं काम भावनाच्या पदरात पडलं.

"चार दिवस माझ्याकडे नेतो," जीवन म्हणाला. "दाखवून आणतो."

"चार दिवसात डोकं दुरुस्त होत नाई, दादा," संघपाल म्हणाला. "न्यायचं असन तं नेऊनच ठेव. तिसऱ्या मजल्यावर घर तुहं, लिफ्ट रोज बंद, वहिनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. मंग उतरन कोण त्याईले घेऊन? त्याच्यापेक्षा खरं सांगून टाक न."

"आज नको. आईचा दिवस आहे."

"मागच्या टायमाले बी तू असंच म्हटलं. तवा बुद्ध पौर्णिमा होती, बंद होणार हाये एवढंच सांगाचं होतं."

भावनाच्या ध्यानात आलं की तिला हवं होतं ते होत आहे, आणि तरी तिला बरं वाटत नव्हतं.

रश्मी पत्रावळी टाकून घरात गेली. आजोबांच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं, आत ते कुशीवर झोपलेले दिसत होते. ओसरीवरच्या घड्याळाखाली उभं राहून तिनं मोबाइल समोर धरला. नऊ मिनिटं आणि वर थोडे सेकंद.

या घड्याळाची गोष्ट ऐकत ती लहानाची मोठी झाली होती. सरकारनं ग्रामपंचायतींना रेडिओ दिले त्या काळात अड्याळातही एक आला, भल्यामोठ्या बॅटरीवर चालणारा. सांभाळणार कोण, तर बौद्ध वस्तीतला सातवी पास परसराम. शेतीचा कार्यक्रम, बातम्या, बाजारभाव. संध्याकाळी पंचायतीसमोर माणसं बसायची, आणि हा पोरगा कुलूप उघडून बटण फिरवील तेव्हाच दिल्ली अड्याळात यायची. त्याच्या हातचं पाणी न पिणारे लोक त्याच्याकडून वेळ मात्र घ्यायचे. बातम्यांआधी वेळेचे ठोके पडत, त्यावर तो पंचायतीचं घड्याळ लावी, आणि पाटलाच्या घरचा गडी पळत येऊन किती वाजले विचारून जाई. पहिले काही पगार साठवून परसरामनं स्वतःसाठी असंच चावीचं घड्याळ घेतलं. ते दिवसाला सहा सेकंद मागं पडायचं. दुकानदार बदलून द्यायला तयार होता, पण यानं नाही म्हटलं. रोज लावावं लागतं ते त्याला आवडलं असावं, असं आजी सांगायची.

पुढं घरोघरी ट्रान्झिस्टर आले, पोस्टात रेडिओच्या लायसन्सचं पुस्तक दाखवायचे दिवस गेले, पंचायतीचा रेडिओ अडगळीत पडला. विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या तेव्हा आजोबा आठवडाभर चिडलेले होते म्हणे. सरकारी रेडिओनं साबण कशाला विकायचा, हा त्यांचा सवाल. मग त्यांच्याच नातीला नागपुरात खासगी एफएमवर नोकरी लागली. तिथं सकाळी चार तास ती साड्या, शिकवण्या आणि फ्लॅट विकत होती आणि मधूनमधून गाणी लावत होती. आजोबांनी तिला कधीच ऐकलं नाही. एफएम अड्याळपर्यंत पोचत नव्हतं. ते म्हणायचे, "तुहा रेडिओ गावची वेस वलांडत नाई, अन् जीवनचा पार जंगलात जाते."

जूनपासून तिचा आवाजही कुठंच जात नव्हता. तिच्या कंपनीनं ठरवलं की सकाळचा कार्यक्रम एकाच शहरातून सगळीकडे जाईल. नागपूरचं हवामान आता मुंबईतली एक मुलगी सांगते. हे रश्मीनं आईला सांगितलं होतं, बाबांना नाही. बाबांचं आधीच कुठं ठीक होतं?

तीन वाजत आले होते. काही विचार न करता तिनं मोबाइलवर ते ॲप लावलं आणि आवाज बारीक करून कानाशी धरलं. तासाचे ठोके पडले तेव्हा पडद्यावर तीन वाजून अडतीस सेकंद झाले होते.

ती तशीच उभी राहिली. इंटरनेटवरून येणारा आवाज मागं असतो हे तिला माहीत होतं, तिचं पोटच त्या धंद्यावर होतं. फक्त या घरात त्याचा हिशेब करायला ती विसरली. पहिल्या संध्याकाळी आजोबांनी ठोके ऐकून घड्याळाकडे पाहिलं असेल, तेव्हा घड्याळ अर्ध्या मिनिटानं पुढं दिसलं असेल. आणि या घड्याळाला साठ वर्षांत मागं पडण्याशिवाय दुसरं काही माहीत नाही.

तिनं जीवनला मागच्या अंगणात, सांदवाडीत बोलावलं आणि सगळं सांगितलं. "बाबा, आबाजींचं डोकं शाबूत आहे. पहिल्याच दिवशी त्यांना कळलं असणार. काटा ते विसरले नाहीत, मुद्दाम हलवत नाहीत."

जीवननं चष्मा काढला, पुसायला रुमाल शोधला आणि न पुसता परत लावला. "तुझा अंदाज आहे हा."

"मग विचारू या त्यांना."

"नको. तीन महिने काही बोलले नाहीत ना? मग राहू दे."

"काकूला वाटतंय ते भ्रमिष्ट झाले. तुम्ही त्यांना डॉक्टरकडे नेणार. तिथं त्यांना विचारतील, आज वार कोणता, शंभरातून सात वजा करा. आणि ते सगळं बरोबर सांगतील, तरी तुम्ही त्यांना तिसऱ्या मजल्यावर ठेवणार?"

तेवढ्यात ओसरीवरून भावनाची हाक आली. चहा झाला होता.

परसराम उठून खाटेवर बसले होते. सत्त्याऐंशी वर्षांचा माणूस, पण बसणं अजून ताठ. भावना त्यांच्या हातात बशी देत सांगत होती, "मामाजी, भाऊजींसंगं चार दिवस नागपूरले जाऊन या. हवापालट होईन."

परसरामांनी तिच्याकडे पाहिलं, मग जीवनकडे. "डाक्टरकडे न्याचं हाये का?"

"तपासणी, बा. साधीच," जीवन म्हणाला.

"बरं," ते म्हणाले.

एवढंच. ना का, ना कशाला. चहा संपवून ते उठले, दांडीवरची दोन धोतरं उतरवून घडी करायला लागले. संघपालला वाटलं होतं म्हातारा घर डोक्यावर घेईल. याच माणसानं बायको गेली तेव्हासुद्धा नागपूरला यायला नकार दिला होता. म्हाताऱ्यानं वाद घातला असता तर भावनाला आपलं बरोबर वाटलं असतं.

धोतरांवर परसरामांनी बंडी ठेवली, औषधाची डबी ठेवली. उशीखालून छोटा ट्रान्झिस्टर काढला, त्यातले सेल काढले आणि सगळं एका फडक्यात गुंडाळलं. मग घड्याळाची चावी खिळ्यावरून काढून भावनापुढं धरली. "सूनबाई, रोज दहा वळसे. जास्त नको देऊ, स्प्रिंग जुनी हाये."

हे जीवनला सोसलं नाही. बा ला काही कळत नाही असं तीन महिने तो स्वतःला समजावत होता, आणि इथं बा सगळं कळून भ्रमिष्ट म्हणवून घ्यायला तयार झाला होता, आपल्या पोराला तोंड उघडावं लागू नये म्हणून. त्याला स्वतःची लाज वाटली.

पण बोलली ती रश्मी. "आबाजी, मला नोकरीवरून काढलं."

सगळ्यांनी वळून पाहिलं. जीवननंही.

"जूनमध्येच. सकाळचा कार्यक्रम आता मुंबईहून येतो. मी घरी बसून जाहिरातींना आवाज देते, मिळाल्या तर. बाबांना सांगितलं नव्हतं. तुम्हालाही नाही. आणि तुमच्या रेडिओत मी स्पीकर बसवला."

"माहीत हाये," परसराम म्हणाले.

"कसं?"

"रेडिओ हलका झाला न, बाई. मी रोज फडक्यानं पुसतो त्याले." ते खाटेवर परत बसले. "अन् ठोके उशिरा आले. माह्यं घड्याळ मागं पडते, पुढं जात नाई. त्या दिवशी पुढं गेलेलं दिसलं. उशिरा आलेल्या ठोक्यावर घड्याळ लावणं मले जमत नाई, म्हणून राहू देलं."

भावना उंबऱ्यावर बसली. "मंग बोलले काहून नाई, मामाजी? मी रोज पीठ सोडून धावून राहिली होती."

"तू धावत येत होती म्हणूनच नाई बोललो. जीवन सांगन म्हटलं. त्याची ड्युटी होती, त्यानंच सांगाले पाहिजे."

संघपाल अंगणातल्या मांडवाकडे पाहत राहिला. जीवन पुढं आला आणि वडिलांच्या समोर जमिनीवर बसला. साठ वर्षांचा माणूस असा बसताना गुडघे वाजले.

"बा, केंद्र बंद झालं. एकतीस मे ले. मशीन मीच बंद केली. माह्याच हातानं." एरवी चांगली पुस्तकी मराठी बोलणाऱ्या जीवनच्या तोंडी घरची बोली आली तेव्हा भावनाला बरं वाटलं. "तुमी मले शिकवलं, त्या नोकरीले लावलं. गावभर सांगत होते, माहा पोरगा हवा चालवते. अन् मी शेवटचा निघालो. कसं सांगू समजत नव्हतं."

"किती वाजता बंद केली?"

जीवनला प्रश्न कळला नाही असं वाटलं. मग तो म्हणाला, "नऊ पस्तीसले. सकाळच्या कार्यक्रमांची सभा संपली अन् बंद केली. लॉगबुकात लिहिलं हाये."

"लॉगबुकात लिहिलं असन," परसराम म्हणाले. त्यांनी फडक्याची गाठ सोडली आणि ट्रान्झिस्टर हातात घेतला. "त्या दिवशी मोठा रेडिओ तुमी नेला होता. मी याच्यावर ऐकत होतो. नऊ पस्तीसले रेडिओवरची बाई बोलाची थांबली. पण खरखर नाई आली. मशीन चालू असली की कसं होते, आवाज नसला तरी हवा शांत राहते. रोज पहाटे तुही ड्युटी असली की सहाच्या आधी खरखर थांबाची, आकाशवाणीचा सूर लागाच्या आधी पाच मिनिटं. मी तुह्या आईले म्हणत होतो, जीवन आला कामावर. छत्तीस वर्षं म्हटलं. त्या दिवशी उलटं झालं. शांत होतं, शांत होतं, मी घड्याळाकडे पाहत बसलो. खरखर आली तवा नऊ सत्तेचाळीस झाले होते. घड्याळ तवा बरोबर होतं, आदल्या सांजेलेच लावलं होतं."

जीवननं मान खाली घातली.

"बारा मिनिटं काय करत होता?"

"काई नाई," जीवन म्हणाला. "बटनावर हात ठेवून बसलो होतो."

"मी बी बसलो होतो," परसराम म्हणाले.

जीवन रडला. त्यानं ते लपवलं नाही, आणि कुणी त्याला थांबवलंही नाही. भावना उठली, फडक्यातली धोतरं घेऊन परत दांडीवर टाकली आणि औषधाची डबी कोनाड्यात ठेवून आली. संघपालनं कोपऱ्यातला स्टूल आणून घड्याळाखाली मांडला, कंबर धरत.

"पहाटे आता काय ऐकता, आबाजी?" रश्मीनं विचारलं. "त्याच्यावर तर काहीच नाही."

"पाहतो थांबते का ते," परसराम म्हणाले. "सवय हाये. जाईन हळूहळू." मग त्यांनी घड्याळाकडे बोट दाखवलं. "जीवन, चढ. तुह्या घड्याळात किती वाजले?"

जीवननं मनगट डोळ्यांजवळ नेलं. "चार वाजून अकरा."

"लाव मंग."

"रश्मीच्या मोबाइलात पाहून लावू का, बा? ते जास्त बरोबर असते."

"तुह्यातलंच लाव."

जीवन स्टुलावर चढला, काच उघडली आणि मोठा काटा बोटानं नऊ मिनिटं पुढं नेला. खाली उतरला तेव्हा परसरामांनी भावनाकडून चावी परत घेऊन खिळ्याला अडकवली. त्यांचा चेहरा थकलेला होता, पण त्यावर राग नव्हता.

"तो रेडिओ उतरवून ठेव, सूनबाई. तुही सांजची सुटी झाली," ते म्हणाले. मग जीवनकडे वळले. "पण घड्याळ उद्या पुन्हा सहा सेकंद मागं पडन. तवा तू रोज सांजेले फोन करत जाय. किती वाजले तेवढं सांगाचं. दुसरं नसन सांगाचं तं नको सांगू."

"किती वाजता करू?"

"सातले," परसराम म्हणाले. "अन् बारा मिनिटं नको लावू."